तुना म्हणजे टूना नव्हे: माओरी भाषेतली मासे आणि झाडांची नावं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडला राहायला आलेली मराठी कुटुंबं, तिथे शिकणारी मुलं आणि त्यांच्याकडे दोन-तीन महिन्यांसाठी येणारे आईवडील यांच्याकडून गेली काही वर्षं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेले माओरी लोक आपल्या देशाला आओतेआरोआ म्हणतात आणि भाषेला ते रेओ. पुढे मीही हे शब्द वापरले आहेत.

इथे सगळेच इंग्रजी बोलतात. मग माशांची आणि झाडांची माओरी नावं कशाला शिकायची?

कारण इंग्रजी नावं बऱ्याचदा दिशाभूल करतात. युरोपातून आलेल्या खलाशांना आणि वसाहतवाल्यांना इथलं रान अनोळखी होतं. जे त्यांच्या गावाकडच्या झाडासारखं दिसलं, त्याला त्यांनी गावाकडचं नाव देऊन टाकलं. काहिकातेआ झाला 'व्हाइट पाइन', रिमु झाला 'रेड पाइन', माताई 'ब्लॅक पाइन'. यातलं एकही झाड पाइन नाही. तिघंही पोडोकार्प कुळातली. ती कोउका या झाडाला 'कॅबेज ट्री' म्हणतात, त्याचा कोबीशी काडीचा संबंध नाही. समुद्रातही तेच. 'ब्लू कॉड' हा कॉड नव्हे, त्याचं नाव रावारु.

मराठीत लिहिताना आपण त्या चुकीवर आणखी एक चूक चढवतो. एका पर्यटन माहितीपत्रकाच्या मराठी अनुवादात मी वाचलं होतं, 'माओरी स्त्रिया जवसाच्या पानांच्या सुंदर टोपल्या विणतात.' मूळ इंग्रजीत 'फ्लॅक्स' होतं, शब्दकोशात फ्लॅक्स म्हणजे जवस, झालं काम. आता जवसाचं रोप डोळ्यासमोर आणा. कमरेएवढं, नाजूक, निळ्या फुलांचं, ज्याच्या बियांची आपण चटणी करतो. त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या पानाची टोपली कशी विणणार? मूळ वनस्पती आहे हाराकेके. तिची पानं तलवारीसारखी, माणसाच्या डोक्यावरून जाणारी, आणि ती आपल्या कोरफडीच्या कुळातली. 'हाराकेके' एवढंच लिहिलं असतं तरी वाचकाने चुकीचं काही पाहिलं नसतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच: ही नावं भाषांतरित करू नका, जशीच्या तशी घ्या. आंब्याला कुणी 'भारतीय पीच' म्हटलेलं आपल्याला चालेल का?

उच्चार कसे करायचे? देवनागरीत कसे लिहायचे?

मराठी जिभेला ते रेओ इंग्रजी जिभेपेक्षा कितीतरी सोपी जाते. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. प्रत्येक स्वर ऱ्हस्व किंवा दीर्घ. व्यंजनं दहा. त, प, क हे आपल्यासारखेच, श्वास न सोडता. र आपलाच, जिभेचं टोक हलकेच लागणारा. इंग्रजी बोलणारे इथल्या एका झाडाला 'टोटारा' म्हणतात, आपण सरळ 'तोतारा' म्हणावं.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं व्यंजन ङ. आपण बाराखडीत तो घोकतो आणि विसरतो, पण 'वाङ्मय' म्हणताना नेमका तोच येतो. 'गंगा' मधला नव्हे, कारण तिथे ङ च्या मागे ग येतो. 'वाङ्मय' मध्ये थांबा, ग येऊ देऊ नका, आणि तोच ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला आणा: ङाइओ. हे किनाऱ्यावरचं एक झाड आहे. दोन दिवस सराव केला की जमतं. दुसरं व्यंजन रोमन लिपीत डब्ल्यू आणि एच अशा दोन अक्षरांनी लिहितात. बहुतेक ठिकाणी ते 'फोन' मधल्या फ सारखं उच्चारतात, 'फूल' मधल्या फ सारखं नाही. फाङानुइ आणि तारानाकी या पश्चिमेकडच्या भागांत मात्र ते व च्या जवळ, मध्येच घशात अडकल्यासारखं ऐकू येतं. ती त्यांची बोली आहे, चूक नव्हे.

लिहिण्याबद्दल. मी सगळीकडे काना देतो, कारण मराठी वाचक शेवटचा आणि मधला अ गिळतो. 'हरकेके' लिहिलं तर तुम्ही 'हर्केके' वाचाल. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा आपला शुद्धलेखनाचा नियमही मी इथे बाजूला ठेवला आहे, कारण 'रिमु' चा उ खरोखरच ऱ्हस्व आहे आणि 'माताई' ची ई खरोखरच दीर्घ. देशाच्या, लोकांच्या आणि मराठीत रुळलेल्या जागांच्या नावांना मात्र हात लावलेला नाही.

एक गोष्ट देवनागरीत नीट उतरत नाही. रोमन लिपीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात, तिला तोहुतो म्हणतात. तिच्यामुळे अर्थ बदलतो. 'माताउ' म्हणजे मासे पकडायचा गळ, आणि पहिला आ लांबवलेला 'माताउ' म्हणजे जाणणं. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा नाव कानाने शिका, आणि रोमन स्पेलिंगमधली रेघ एकदा डोळ्यांखालून घाला.

तुना म्हणजे टूना मासा ना?

नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. डब्यात मिळतो तो टूना, आपल्या बाजारातला कुपा किंवा गेदर, हा समुद्रातला वेगवान, गोलसर मासा. तुना म्हणजे ईल: नद्या, ओढे, तळी आणि दलदलीत राहणारा, वामीसारखा लांबुळका मासा. त उच्चारला की गोंधळ आपोआप टळतो.

तुनाच्या दोन मुख्य जाती. लांब परांचा तुना फक्त आओतेआरोआत सापडतो. आखूड परांचा ऑस्ट्रेलियातही आहे. लांब परांच्या तुनाचं आयुष्य विलक्षण असतं. तो गोड्या पाण्यात दशकानुदशकं वाढतो. काही माद्या ऐंशीच्या पुढे जगतात. मग आयुष्यात एकदाच, शरद ऋतूतल्या (इथे तो मार्च ते मे) पावसात नदीला पूर आला की, तो समुद्राकडे निघतो. खाणं बंद होतं, डोळे मोठे होतात. तोंगाच्या दिशेने हजारो किलोमीटर पोहत जाऊन अंडी घालतो आणि मरतो. पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. ती प्रवाहाबरोबर परत येतात आणि ओल्या खडकांवरून, अगदी धबधब्याच्या कडेच्या शेवाळावरूनही वर चढतात. या समुद्राकडे निघालेल्या माशाला वेगळं नाव आहे, तुना हेके. हेके म्हणजे उतरणं, स्थलांतर करणं.

तुनासाठी ते रेओत शंभरावर नावं नोंदली गेली आहेत. रंग, जाडी, डोक्याचा आकार, राहण्याची जागा, प्रवासाची वेळ यांवरून. ज्या माणसांचं हिवाळ्यातलं जेवण या माशावर अवलंबून होतं, त्यांना तो कोणता, कधीचा, कुठला हे एका शब्दात सांगावं लागायचं. तुना पकडायचा विणलेला सापळा म्हणजे हीनाकि. तोंडाशी रुंद, आत निमुळता. मासा आत जातो, बाहेर येत नाही.

कथेतही तुना आहे. माउइ हा पॉलिनेशियाचा, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांचा पराक्रमी, खोडकर पूर्वज. तुना नावाच्या प्रचंड प्राण्याने त्याच्या बायकोची छेड काढली, तेव्हा माउइने त्याचे तुकडे केले. डोकं समुद्रात पडलं, त्याचा झाला ङोइरो, म्हणजे समुद्रातला मोठा ईल. शेपूट गोड्या पाण्यात पडलं, त्याचा झाला तुना.

मानुका मध हा मनुकांचा मध असतो का?

नाही. मनुका म्हणजे सुकवलेली द्राक्षं. मानुका हे पांढऱ्या, क्वचित गुलाबी फुलांचं, बारीक टोकदार पानांचं झुडूप. पहिला आ लांब, आणि बोलताना जोरही तिथेच. तिचं जवळचं भावंड कानुका. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण पानाची फांदी मुठीत घेऊन दाबा. मानुका टोचते, कानुका मऊ लागते. हे मला एका माओरी आजींनी शिकवलं. त्या दिवसापासून मी कधी चुकलो नाही.

उत्तरेकडे मानुकालाच काहिकातोआ म्हणतात. काहिकातेआशी गल्लत करू नका. ते शंभराहून अधिक हात उंच जाणारं, दलदलीतलं झाड आहे. त्याच्या लाकडाला वास नसतो, म्हणून एके काळी लोणी निर्यात करायच्या पेट्यांसाठी काहिकातेआची रानंच्या रानं तोडली गेली.

अनेकवचन कसं करायचं?

शब्दाला काही जोडू नका. एक मासा 'ते इका', अनेक मासे 'ङा इका'. बदलतो तो पुढचा छोटा शब्द. मराठी वाक्यातही 'तुना' हा मासा, 'काउरि' आणि 'पोहुतुकावा' ही झाडं, हे शब्द तसेच ठेवावेत: एक काउरि, दहा काउरि.

मासे विकणारा एक नाव सांगतो, शेजारी दुसरंच. कोण बरोबर?

बहुधा दोघेही. दक्षिणेत लॅम्प्री या जबडा नसलेल्या, तोंडाने चिकटणाऱ्या माशाला कानाकाना म्हणतात, तारानाकीकडे तोच पिहाराउ. रावारुला दुसरीकडे पाकिरिकिरि. दक्षिण बेटावरचे ङाइ ताहु लोक ङ च्या जागी क म्हणतात. न्यूझीलंडच्या सर्वांत उंच पर्वताचं नाव तिथे आओराकि, उत्तरेत ते आओराङि झालं असतं. मालवणचा माणूस आणि पालघरचा माणूस एका माशाची दोन नावं सांगतो तेव्हा आपण कुणालाच खोटं ठरवत नाही. ज्या भागात राहता, तिथल्या लोकांचं नाव वापरा.

व्हाइटबेट हा कोणता मासा?

एक नाहीच. काडीएवढी, पारदर्शक, अंड्यात घालून परतलेली ती पिल्लं पाच वेगवेगळ्या जातींची असतात: ईनाङा, कोआरो, आणि तीन प्रकारचे कोकोपु. सर्वांत जास्त ईनाङा. इंग्रजी शब्दाने पाच जीव एका झाऱ्यात टाकले, आणि कोणता किती उरला आहे हे विचारायचं सुचेनासं झालं.

ईनाङाचं मला फार अप्रूप आहे. शरदात मोठ्या भरतीला तो खाडीच्या काठावरच्या बुडालेल्या गवतात अंडी घालतो. भरती ओसरते, आणि अंडी गवताच्या मुळाशी ओलाव्यात, पाण्याबाहेर राहतात. पुढच्या मोठ्या भरतीचं पाणी पोहोचलं की फुटतात. पिल्लं समुद्रात जातात आणि वसंतात परत नदीत चढतात. आपल्याकडे पहिल्या पावसात मासे शेतात चढतात, त्या चढणीच्या माशांची आठवण होते. फरक इतकाच की इथे चढतात ती पिल्लं. गुरांनी काठावरचं गवत तुडवलं की अंडी गेली. सध्या देशभरात मासेमारीची मुभा १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर एवढीच आहे. आईवडील आले की हौसेने जाळं घेऊन निघतात, म्हणून तारखा मुद्दाम सांगितल्या.

ईनाङा हे पोउनामु या हिरव्या दगडाच्या एका प्रकाराचंही नाव आहे: फिकट, दुधाळ, राखाडी छटेचा. माशाच्या अंगाचा रंग ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

झाडाचं नाव एक आणि फळाचं दुसरंच, असं का?

आपल्याकडेही तसंच आहे. कैरी आणि आंबा, शहाळं आणि नारळ, झावळी आणि खोबरं. ज्या गोष्टीशी रोजचा संबंध, तिच्या प्रत्येक अवस्थेला नाव. कोतुकुतुकु हे झाड, त्याचं गोड जांभळं फळ कोनिनि. काहिकातेआचं फळ कोरोई. राराउहे हे नेचं, आणि त्याचा जमिनीखालचा पिष्टमय कंद आरुहे. तो भाजून, कुटून खायचे आणि शेकडो वर्षं तो मुख्य अन्नांपैकी एक होता. आरुहेसाठी स्वतंत्र शब्द नसता तर भाकरीसाठी 'ज्वारी' म्हणावं लागलं असतं.

ही नावं मुळात आली कुठून?

माझा आवडता प्रश्न. माओरींचे पूर्वज साधारण सातशे-आठशे वर्षांपूर्वी उष्ण कटिबंधातल्या पॉलिनेशियाच्या बेटांवरून मोठ्या होड्यांनी आले. नारळ इथल्या थंडीत वाढेना, घरची ओळखीची झाडं इथे नव्हती. पण शब्द बरोबर होते. त्यांनी नवं झाड पाहिलं, हात लावला, वास घेतला, आणि ज्याची आठवण झाली त्याचं नाव त्याला दिलं. युरोपीय खलाशांनीही तेच केलं, असं कुणी म्हणेल. फरक असा की हे लोक पुढे त्या झाडाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि नावाला इथलाच अर्थ मिळाला.

पॉलिनेशियात नारळाच्या झावळीला नीकाउ म्हणतात. इथल्या एकमेव ताड कुळातल्या झाडाचं नाव नीकाउ. नारळ नाही, पण झावळ्या आहेत, आणि घर शाकारायला त्याच कामाला आल्या. हवाईत ओहाइ हे शेंगा धरणाऱ्या, लोंबत्या फुलांच्या झुडपाचं नाव, आपल्या हादग्याच्या गणातलं. तोच शब्द इथे कोफाइ झाला आणि पिवळ्या, लोंबत्या फुलांच्या दुसऱ्या शेंगाधारी झाडाला मिळाला. बेटांवरचं फाउ हे धाग्यांसाठी आणि हलक्या लाकडासाठी वापरलं जाणारं जास्वंदीच्या गणातलं झाड. इथलं फाउ वेगळं, पण लाकूड बुचाहून हलकं, आणि जाळी तरंगती ठेवायला तेच वापरलं गेलं. ऑकलंडच्या पश्चिम भागातल्या नदीचं नावही फाउ आहे.

आणि कावाकावा. बेटांवर कावा नावाच्या वनस्पतीच्या मुळांचं पेय समारंभात पितात. इथे कावा उगवत नाही, पण त्याच गणातली एक वनस्पती आहे, तिला त्यांनी कावाकावा म्हटलं. हा गण म्हणजे मिरी, पिंपळी आणि नागवेल यांचा. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा घरामागच्या ओहोळाकाठी कावाकावाचं झाड पाहून थबकली. पान तोडलं, देठ मोडला, चुरगळून नाकाशी धरलं आणि म्हणाली, 'अरे, हे तर विड्याचं पान!' पान हृदयाच्या आकाराचं, शिरा तशाच तळहातावरच्या रेषांसारख्या, वास तिखटसर. फक्त पान भोकांनी चाळणीसारखं झालेलं. ती भोकं एका सुरवंटाने पाडलेली असतात, आणि औषधासाठी माओरी लोक भोकांचीच पानं निवडतात. दातदुखीला ते चावतात, उकळून चहा पितात, आणि मयताच्या प्रसंगी स्त्रिया त्याच्या पानांचे वेढे डोक्याला बांधतात. आपल्याकडे विडा मंगल कार्याचा, इथे त्याचंच भावंड शोकाचं. आईने पान खिशात ठेवून घेतलं, कुंडीत लावायला नव्हे, नुसतंच.

हाराकेकेबद्दल थोडं सविस्तर सांगाल?

हो. झुडूप पंख्यासारखं वाढतं. मधोमध कोवळं, अजून न उलगडलेलं पान असतं, ते रितो, म्हणजे बाळ. त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी पानं आईबाप. त्याबाहेरची आजी-आजोबा, आणि आणखी मागचे पूर्वज. विणकर कापतात ती फक्त बाहेरची पानं, खाली तिरका काप देऊन. रितोला आणि आईबापाला हात लावायचा नाही. पावसात कापायचं नाही, रात्री कापायचं नाही. यामागे सरळ कारण आहे: बाळ तोडलं की तो पंखा संपला. हाराकेकेच्या लागवडीला पा हाराकेके म्हणतात, आणि तोच शब्द गोतावळ्यासाठीही वापरतात.

पानाच्या आतला रेशमी धागा म्हणजे मुका. शिंपल्याच्या कडेने पान खरवडून तो काढतात. हिरवा गर गळून पडतो आणि हातात पांढरे, चमकदार, केसांसारखे तंतू राहतात. त्याचे दोर, जाळी, पांघरूणं. विणकरांकडे हाराकेकेच्या कितीतरी नावाजलेल्या वाणांची नावं आहेत: कोणतं मुकासाठी, कोणतं टोपलीसाठी, कोणतं चटईसाठी. जसं आपला शेतकरी नुसता 'भात' म्हणत नाही, आंबेमोहोर, कोलम, जिरेसाळ म्हणतो.

रितोवर एक म्हण आहे. तिचा आशय असा: हाराकेकेचं रितो उपटलंत तर कोमाको पक्षी बसून कुठे गाणार? मला विचाराल जगात सर्वांत मोलाचं काय, तर मी म्हणेन: माणूस, माणूस, माणूस. 'हे ताङाता, हे ताङाता, हे ताङाता.' ही शेवटची ओळ पाट्यांवर सगळीकडे दिसते. पहिली ओळ गाळून ती म्हणू नये असं मला वाटतं, कारण माणसाचं मोल तिथे त्या झुडपाच्या मधल्या पानावरून आलं आहे.

मासे आणि झाडं यांच्या नावांनी बनलेली रंगांची नावं आहेत म्हणे?

आहेत. कोफाइ म्हणजे झाड आणि पिवळा. काराका म्हणजे नारिंगी फळांचं झाड आणि नारिंगी रंग. आपलं जांभळा, आंबा कलर, लिंबू कलर. काराकाच्या फळाचा गर खातात, पण बी कच्ची विषारी असते. ती बराच वेळ वाफवून, पाण्यात भिजत ठेवूनच खाल्ली जायची. मुलांना सांगून ठेवा. तुतु हे दुसरं झुडूप, त्याचं जवळजवळ सगळंच विषारी. रानात नाव माहीत असणं जीव वाचवू शकतं.

नकाशावर माशांची नावं दिसतात, ती कशी आली?

उत्तर बेटाचं नाव ते इका आ माउइ, माउइचा मासा. माउइने गळ टाकून समुद्रातून ओढून काढलेला मासा म्हणजे हे बेट. वेलिंग्टनचा भाग माशाचं डोकं, अगदी उत्तरेकडची चिंचोळी पट्टी शेपूट, आणि पूर्वेला हॉक्स बेचा वाकडा उपसागर म्हणजे गळ. नकाशा समोर घेऊन बघा. दक्षिण बेट ही माउइची होडी. 'इका' हा शब्द मलय भाषेतल्या 'इकान' चा सख्खा नातेवाईक आहे.

झाडं-मासे आणि कालगणना यांचा काय संबंध?

घट्ट. पोहुतुकावा फुलला, म्हणजे डिसेंबरच्या आसपास, की किना भरलेला असतो. किना हा समुद्रातला काटेरी गोळ्यासारखा जीव, त्याच्या आतला पिवळा भाग खातात. आपल्याकडे पावशा ओरडला की पेरणीची तयारी, तसंच हे.

मातारिकि हा तारकापुंज म्हणजे आपल्या कृत्तिका. जून-जुलैत पहाटे पूर्वेला त्या पुन्हा दिसू लागल्या की माओरी नवं वर्ष. २०२२ पासून त्या निमित्ताने राष्ट्रीय सुट्टी असते. पुंजातल्या ताऱ्यांपैकी वाइती गोड्या पाण्याचा आणि त्यातल्या जीवांचा, वाइता समुद्राचा, तुपुआनुकु जमिनीतल्या अन्नाचा, आणि पोहुतुकावा गेलेल्या माणसांचा. शेवटचं नाव झाडाचंच. देशाच्या उत्तर टोकावर, ते रेरेङा वाइरुआ इथे, कड्याला चिकटलेला एक जुना पोहुतुकावा आहे. मृतांचे आत्मे त्याच्या मुळांवरून समुद्रात उतरतात अशी श्रद्धा आहे. तिथे गेलात तर खाणंपिणं करू नका, ती जागा पवित्र आहे.

पोहुतुकावाची आणखी एक कथा. माओरींच्या पूर्वजांना घेऊन आलेली आरावा नावाची होडी किनाऱ्याला येत होती. होडीवरच्या एका सरदाराला झाडांवर लाल बहर दिसला, त्याला वाटलं इथे तर लाल पिसांचा खजिना आहे, आणि त्याने आपला लाल पिसांचा शिरपेच समुद्रात फेकून दिला. काठावर जाऊन फुलं हातात घेतली तर ती गळून पडली. शिरपेच वाहत किनाऱ्याला लागला आणि माहिना नावाच्या माणसाला सापडला. त्याने तो परत दिला नाही. सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची, या अर्थाने आजही माहिनाचं नाव घेतात.

शास्त्रीय नावांतही माओरी शब्द आहेत का?

काही आहेत. पोडोकार्पस तोतारा, बाइलश्मीडिया तावा. होहेरिआ हा गण होउहेरे या झाडाच्या नावावरून, कोरोकिआ हा कोरोकिओवरून.

नामशेष झालेल्या माशाचं नाव शिकून काय उपयोग?

हा प्रश्न उपोकोरोरोबद्दल विचारतात. चांदीसारखा चमकणारा, एके काळी नद्यांत थव्यांनी फिरणारा गोड्या पाण्यातला मासा. रानं तुटली, नद्या गढूळ झाल्या, बाहेरून ट्राउट आणून सोडले, आणि तो दिसेनासा झाला. १९५१ मध्ये त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण मिळालं, तोवर खात्रीने पाहिल्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती. आजही आओतेआरोआत कायद्याचं पूर्ण संरक्षण त्याला आहे, आणि तो जगात नाही.

नाव उरलं म्हणून आपण हे बोलू तरी शकतो. लांब परांचा तुना आजही आहे, पण कमी होत चालला आहे. त्याला नुसतं 'ईल' म्हणणाऱ्या माणसाला तो कमी झालेला जाणवेल का? आखूड परांचा की लांब परांचा, वाढणारा की उतरणारा, हे ज्याला सांगता येतं त्याच्याच लक्षात येतं की यंदा उतरणारे आले नाहीत.

मी माझ्या दुकानाला किंवा साबणाला एखादं माओरी नाव देऊ शकतो का?

आधी विचारा. १९९१ मध्ये सहा माओरी दावेदारांनी वाइतांगी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सरकारविरुद्धच्या माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, एक दावा दाखल केला, तो वाइ २६२ या क्रमांकाने ओळखला जातो. देशी वनस्पती, प्राणी आणि त्यांबद्दलचं पारंपरिक ज्ञान यांवर कुणाचा हक्क, हा त्याचा विषय. अहवाल २०११ मध्ये आला. सरकारने ङाइ ताहु लोकांशी केलेल्या समझोत्याच्या १९९८ च्या कायद्यात ताओङा, म्हणजे वारशाचं धन, मानलेल्या पक्षी, वनस्पती आणि माशांच्या याद्याच जोडल्या आहेत. हळदीच्या पेटंटविरुद्ध भारताला लढावं लागलं होतं, हे आपल्याला माहीत आहे. मग दुसऱ्याच्या कावाकावाचं नाव बाटलीवर छापण्याआधी तिथल्या इवि, म्हणजे कुळाच्या लोकांशी बोलणं आपल्याला जड जाऊ नये. बोलताना, शिकताना, मुलांना शिकवताना नाव वापरायला मात्र कुणाची आडकाठी नाही. उलट लोकांना आनंद होतो. ते रेओ १९८७ पासून देशाची अधिकृत भाषा आहे.

सुरुवात कुठून करू?

घराजवळच्या झाडापासून. शहरात असाल तर पोहुतुकावा, कोफाइ, ती कोउका, हाराकेके आणि कावाकावा ही पाच झाडं बहुतेक बागांत सापडतात. मासळीच्या दुकानात पाटीवरच तामुरे, काहावाइ, ताराकिहि, होकि, हापुकु ही नावं लिहिलेली असतात. मागताना तीच उच्चारा. तामुरे म्हणजे इंग्रजीतला स्नॅपर, तव्यावर रवा लावून उत्तम लागतो. ते आका हा माओरी शब्दकोश मोफत ऑनलाइन आहे. त्यात बऱ्याच शब्दांचा उच्चार ऐकता येतो, आणि लांब स्वर कोणता हे तिथेच कळतं. शाळेत जाणारं मूल घरात असेल तर त्याला विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त येत असेल. आणि चूक झाली, कुणी दुरुस्त केलं, तर तो शब्द त्यांच्यासमोरच पुन्हा एकदा म्हणा.